नाशिकमधली फॉस्टर केअरची घरं आणि आजूबाजूचे आपण

अबोली, इंदिरानगर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज मुलं झोपल्यावर बसलेय लिहायला. आमच्याकडे फॉस्टर केअरमधून, म्हणजे ठराविक काळासाठी सांभाळायला, एक मुलगी राहते, पाचवीत आहे. तिचं नाव, गाव, घरी काय झालं होतं यातलं मी इथे काही लिहिणार नाही, कुणी विचारूही नका प्लीज. लिहायचंय ते आमच्यासारख्या घरांबद्दल आणि त्यांच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल.

लोकांना कळलं की एक तर 'केवढं पुण्याचं काम करताय' म्हणून हात जोडतात, नाहीतर 'स्वतःची दोन आहेत ना, मग ही उठाठेव कशाला' म्हणतात. दोन्हीचा काडीचा उपयोग होत नाही. उपयोग झाला तो भलत्याच ठिकाणाहून. पोरगी आली तेव्हा पोळीला हात लावायची नाही, वरणभात चिवडत बसायची, मला वाटलं बरं नाहीये. खालच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या पेठ तालुक्यातल्या, त्या एक दिवस वर आल्या, तिच्याशी त्यांच्या कोकणा बोलीत काहीतरी बोलल्या आणि मला म्हणाल्या, ताई हिला नागलीची भाकर द्या. आता मला कुठली येतेय ती, नागली म्हणजे नाचणी, तिला चिकटपणा नाही, तव्यापर्यंत नेईस्तोवर तुकडे. मग मावशींनी ओट्याशी उभं राहून दाखवलं, पाण्याला चांगली उकळी आणून त्यात पीठ घालायचं, झाकून ठेवायचं, चटके बसतायत तोवरच मळायचं आणि थापताना हाताला सारखं पाणी लावत राहायचं. त्या दिवशी पोरीनं लसणाच्या चटणीशी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पहिल्यांदा आपणहून बोलली, 'आमच्याकडं ह्याच्यासंगं उडदाचं भुजं असतं.'

हे कुठल्या योजनेत बसतं सांगा? सरकार महिन्याचे पैसे देतं, बालकल्याण समितीचे लोक येऊन बघतात, ते सगळं हवंच. पण गणितात ती तिसरीच्याही मागे आहे, त्यासाठी कुणी आठवड्याला ठरल्या वारी बसणारं हवंय. सासूबाईंना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर दोन तास घरी थांबणारं ओळखीचं माणूस हवंय. शाळेत, सोसायटीत तिच्याशी नीट वागणारी मोठी माणसं हवीत. नाशिकमध्ये अशी घरं थोडी आहेत पण आहेत, आणि प्रत्येक घर एकेकटं झगडतंय. तर आपण वेगवेगळ्या कामातली माणसं मिळून काही बांधू शकतो का, याच्यावर बोलूया.

कॉलेजरोडकर

ताई, मनापासून नमस्कार तुम्हाला. आमचा मित्रांचा ग्रुप दरवर्षी वाढदिवसाला एका आश्रमात जेवण देतो, केक नेतो, वह्या वाटतो. तुमच्यासारख्या घरांना पण असं काही चालेल का? आणि अडाणी प्रश्न असेल तर माफ करा पण हे दत्तकपेक्षा वेगळं कसं?

वकीलताई, शरणपूर रोड

प्रश्न अजिबात अडाणी नाही, नव्वद टक्के लोकांचा इथेच घोळ होतो. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं, नाव, वारसाहक्क सगळं. फॉस्टर केअर, म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ४४, यात मूल ठराविक काळासाठी कुटुंबात राहतं आणि बालकल्याण समितीच्या आदेशानं राहतं. अनेकदा त्याचे आईवडील हयात असतात, कुणी तुरुंगात, कुणी आजारी, कुणी दारूपायी सांभाळायच्या स्थितीत नाही. समितीला योग्य वाटलं तर ते भेटायला येऊ शकतात, परिस्थिती सुधारली तर मूल परतही जातं. भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची असं कायदाच सांगतो.

२०२४मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना आल्या. त्याप्रमाणे सहा वर्षांपुढची मुलं, पालक जोडपंच पाहिजे असं नाही, एकटी, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही चालते, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी ठेवत नाहीत. एकटं असेल तर वय किमान ३५, जोडप्याची दोघांची वयं मिळून किमान ७०. आणि मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालं असेल तर त्याच कुटुंबाला दोन वर्षांनंतर दत्तक घेता येतं, आधी ही अट पाच वर्षांची होती. पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४००० रुपये आहेत.

केकबद्दल अबोलीताईच सांगतील, पण एक गोष्ट मी सांगते आणि ही सगळ्यांनी वाचाच. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही पेपरात किंवा सोशल मीडियावर देणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाढदिवसाचे फोटो स्टेटसला टाकणारे भले लोकच असतात, पण तो फोटो त्या मुलाच्या वर्गातल्या पोरापर्यंत पोचतो हे लक्षात घ्या.

अबोली, इंदिरानगर

कॉलेजरोडकर दादा, तुम्ही विचारलंत हेच खूप आहे. केक नको. तुमच्या ग्रुपमध्ये बारा जण असतील तर त्यातल्या एकाने वर्षभर एका मुलाला धरून राहावं, बाकीच्यांनी त्या एकाला मदत करावी. आमच्या मुलीला अनोळखी माणसं येऊन लाड करून जातात याची फार सवय आहे, परत न येणाऱ्या माणसांची. तिला आता तोच तोच चेहरा हवाय.

मास्तर, ओझर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे शाळेचं मी बोलतो. अशा मुलाचा त्रास सुरू होतो तो प्रवेशाच्या अर्जापासून. पालकाचं नाव, आडनाव वेगळं, दाखल्यावर भलतंच, क्लार्क सगळ्यांसमोर मोठ्यांदा विचारतो 'ही तुमची कोण?' आणि पोरगं खाली मान घालून उभं. आमच्याकडे आम्ही हे ठरवूनच टाकलंय की असा प्रवेश मुख्याध्यापकांच्या खोलीत करायचा, समितीच्या आदेशाची प्रत बघायची, एक फाइलला लावायची आणि विषय संपला, स्टाफरूममध्ये चर्चा नाही.

दुसरं म्हणजे 'माझे कुटुंब' निबंध आणि ती वंशवेल चिकटवायचा प्रकल्प. मी वंशवेल बंद करून 'आमच्या घरात कोण कोण काय काम करतं' असं केलं. ज्याच्या घरी आजीच आहे, जो मामाकडे राहतो, ज्याचे वडील वारले, सगळ्यांनाच सोपं गेलं. द्राक्षांच्या हंगामात पेठ सुरगाण्याकडून निफाड दिंडोरीला मजुरीला येणाऱ्यांची मुलं आमच्या वर्गात अधूनमधून असतात, त्यांना पण.

गणिताचं म्हणाल तर ताई, पाचवीतलं पोर तिसरीच्या मागे असेल तर पाचवीचं पुस्तक मिटून ठेवा. दशकाचे गठ्ठे, सुटे, इथून घ्या. मी रविवारी नाशिकला येतो, शिकवीन. फक्त तुमच्या हॉलमध्ये, दार उघडं, घरातलं कुणीतरी मोठं समोर असताना. हे मी माझ्याकडूनच सांगतोय.

डॉक्टर, पंचवटी

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन, आणि हा नियमच करूया. मदत करायला येणारा प्रत्येक नवा माणूस आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, म्हणजे या मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसला, माहीत पाहिजे, मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत कुणीही नाही, गाडीवर एकट्याने नेणं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या मुलांना तपासताना मोठी अडचण ही की मागचं काहीच माहीत नसतं. लसी कुठल्या झाल्या, लहानपणी झटके आले होते का, घरात कुणाला टीबी होता का, विचारणार कुणाला? त्यामुळे पहिल्या महिन्यात एकदा सगळं बघून घ्यायचं, वजन उंची, हिमोग्लोबिन, डोळे, दात, कान, आणि आदिवासी पट्ट्यातलं मूल असेल तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी नक्की. वर्गात लक्ष नाही म्हणून ओरडा खाणाऱ्या किती मुलांना नुसता चष्मा लागलेला असतो. राहिलं ऑपरेशन, भूल वगैरे, तिथे संमती कुणाची यावर गोंधळ होतो म्हणून समितीचा आदेश आणि कक्षाचा फोन नंबर घरात दाराजवळ लावून ठेवा.

बुधवारी दुपारी माझी ओपीडी हलकी असते, ती वेळ मी अशा मुलांसाठी ठेवतो, फी नाही. दाताच्या डॉक्टर आणि एक समुपदेशक ओळखीच्या आहेत, त्यांच्याशी मी बोलतो. एकेका घरानं एकेक डॉक्टर शोधत फिरण्यापेक्षा आम्ही तिघं चौघं मिळून एक कागदी फाइल बनवू, ती मुलाबरोबर राहील, मूल परत आईकडे गेलं तरी.

सिडकोवाला

वाईट वाटून घेऊ नका पण मनातलं बोलतो. लळा लावायचा आणि वर्ष दोन वर्षांनी पोराला परत पाठवायचं, हे पोरावर अन्याय नाही का? त्यापेक्षा संस्थेत सगळी एकसारखी असतात, शिस्त असते, कुणी कुणाला सोडून जात नाही. आणि तुमच्या स्वतःच्या मुलांचं काय ताई, त्यांच्या वाटणीचं प्रेम विभागलं जातं त्याचं?

अबोली, इंदिरानगर

वाईट वाटलं नाही भाऊ, माझ्या आईनं हेच विचारलं होतं. माझ्या मोठ्याला सुरुवातीला फार राग यायचा, खोली वाटून घ्यावी लागली, क्रिकेटची बॅट वाटून घ्यावी लागली. त्याच्याशी मी रोज रात्री वेगळं बसायला लागले, नुसतं त्याच्या शाळेचं ऐकायला. फॉस्टर कुटुंबातल्या आधीच्या मुलांकडे कुणाचंच लक्ष नसतं हे तुमचं अगदी खरं, आणि मदतीच्या यादीत ते पण घालूया.

परत जाण्याबद्दल, तिची आई बरी होतेय. भेटायला येते तेव्हा पोरगी आधी दोन दिवस कुणाशी बोलत नाही आणि नंतर दोन दिवस रडते. पण येते म्हणून तिला माहितीये की आईनं टाकलेलं नाही. ती आईकडे गेली तर मला त्रास होईल, होऊ दे. आम्ही मोठी माणसं आहोत, आमच्या त्रासाची काळजी घ्यायला आम्हाला आमची माणसं आहेत. मला भीती वेगळीच आहे, ती परत गेली की तिथे मास्तर नाहीत, डॉक्टर नाहीत, कुणीच नाही. म्हणून म्हणतेय की मदत मुलाला बांधलेली हवी, आमच्या घराला नको.

अंबडचा गडी

सहसा लिहीत नाही, आज लिहितो. सिडकोवाले दादा, मी संस्थेत वाढलोय, सहा वर्षांचा असल्यापासून अठरा होईपर्यंत. संस्था वाईट नव्हती, जेवण होतं, शाळा होती, काळजीवाहक काका जीव लावायचे. पण काका बदलून गेले, मग दुसरे आले, मग तेही गेले. तिथंही माणसं सोडून जातातच दादा, फक्त त्याला बदली म्हणतात.

अठरा पूर्ण झाले तेव्हा मला बँकेत स्लिप भरता येत नव्हती. खोली भाड्याने घेताना डिपॉझिट म्हणजे काय, घरमालक ओळखीचा माणूस मागतो तो कुठून आणायचा, गॅस कसा घ्यायचा, काही नाही. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरही आधाराची सोय आहे, ती मला एका सरांमुळे मिळाली. त्यांनीच सातपूरच्या आयटीआयला फिटरला घातलं, जामीन राहून खोली घेऊन दिली आणि दिवाळीला घरी बोलावलं. अजून बोलावतात. आता मी कंपनीत आहे, लग्न ठरलंय, मुलीकडच्यांसमोर माझ्या बाजूने सरच बसले होते. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्याचं प्रमाणपत्र महिला व बालविकासकडून वेळेत काढावं लागतं, संस्थेतून बाहेर पडल्यावर कागद गोळा करणं फार जड जातं. सतरा वर्षांची जी पोरं आहेत ती मला द्या. बँक, आधार, खोली, ॲप्रेंटिसशिप हे सगळं मी त्यांच्याबरोबर फिरून करीन. माझ्या कंपनीतले अजून दोघं येतील.

सिडकोवाला

मित्रा, वाचून गप्प झालो. तुझ्या लग्नाला माझा टेम्पो फुकट, सामान आणायला. आणि माझे दोन गाळे रिकामे असतात अधूनमधून, अठरा झालेल्या पोराला खोली लागली तर डिपॉझिट घेणार नाही. ओळखीचा माणूस म्हणून तू आहेस ना, बास.

रानजाई, दिंडोरी

मी गावात बचत गटांचं काम बघते. सगळं वाचलं, छान चाललंय, पण माझं एक कळकळीचं सांगणं आहे. मूल घरातून बाहेर पडायच्या आधी पोचलं पाहिजे आपण. आठवत असेल, २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं मेंढ्या वळायला थोड्याशा पैशात पाठवली होती ते उघडकीला आलं. त्या आयांना पोरं नको होती का? घरात काही नव्हतं.

आमच्याकडे नवरा गेलेली बाई द्राक्षबागेत डिपिंगला (घड औषधात बुडवायला), काढणीला जाते, तिला दोन तीन लेकरं, एखादं नातेवाइकाकडे, एखादं आश्रमशाळेत. तिच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन, मुलामागे महिना २२५० रुपये. म्हणजे पोर आईकडे किंवा आजीकडेच राहतं. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व, म्हणजे घरीच राहणाऱ्या मुलासाठी पैशाची मदत, पण आहे, त्याला खेड्यात वर्षाचं उत्पन्न ७२ हजार आणि शहरात ९६ हजारांच्या आत लागतं. पण अर्ज बघा एकदा, मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाइड, आधार, बँकेचं पासबुक आणि घरासमोर उभं राहून पालक मुलाचा फोटो. एकेका कागदासाठी एकेक दिवसाची मजुरी बुडते. दाखल्यावर नाव 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई' असलं की गेलं परत. बाई दोनदा हेलपाटा मारते, तिसऱ्यांदा येतच नाही.

आमच्या गटातल्या दोघी तिघी हे काम करतात पण गाडी नाही, आणि दिंडोरीहून नाशिकला बाल संरक्षण कक्षात जाऊन यायचं म्हणजे दिवस जातो. तुमच्यापैकी कुणाला मोठं काही करायचं नसेल तर महिन्यातला एक दिवस द्या, गाडी घेऊन या, एका बाईबरोबर तहसील, शाळा, बँक एवढं फिरा. एक अर्ज पूर्ण झाला तर ते पोर अबोलीताईंच्या दारात यायची वेळच येत नाही.

वकीलताई, शरणपूर रोड

रानजाई, शंभर टक्के. आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र मी करून देत जाईन, पैसे घेणार नाही, तुम्ही कागद पाठवत जा.

अजून एक, धागा वाचणाऱ्यांसाठी. नाशिकरोड स्टेशनवर, सीबीएस बसस्टँडवर, रामकुंडावर एकटं मूल दिसलं तर घरी नेऊ नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि 'आम्हीच सांभाळतो, देवानं दिलंय' असं परस्पर ठेवून घेणं तर फारच चुकीचं. सिंहस्थ तोंडावर आहे, गर्दीत मुलं हरवणार, आत्तापासून मंडळांना, रिक्षावाल्यांना, घाटावरच्या दुकानदारांना हा नंबर पाठ हवा.

कॉलेजरोडकर

आमच्या ग्रुपवर हा धागा टाकला होता, काल बसून बोललो. यावेळचे वाढदिवसाचे पैसे एकत्र ठेवतोय. एकाची क्लासची फी, एकाचा चष्मा असं जिथे लागेल तिथे डॉक्टर किंवा मास्तर सांगतील तसं थेट भरू, फ्लेक्स नाही, फोटो नाही. तिघांकडे चारचाकी आहे, त्यातला मी एक, दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते, रानजाईताई तुम्ही तारीख सांगा. आणि एक शंका, आमच्या गणेश मंडळाकडे शिल्लक आहे, ती अशा कामाला देता येईल का? कार्यकारिणी तयार होईल असं वाटतं.

वकीलताई, शरणपूर रोड

मंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर उद्देशात काय लिहिलंय ते आधी वाचा. शैक्षणिक, वैद्यकीय मदत असेल तर ठराव करून चेकने शाळेला किंवा दवाखान्याला द्या. मुलाचं नाव ठरावात लिहू नका, कक्षाच्या पत्राचा नंबर लिहा.

अबोली, इंदिरानगर

मला एवढ्या लोकांची अपेक्षा नव्हती. मी कक्षातल्या मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या जे येणार त्यांची यादी आणि ओळखपत्रं आधी द्या, पोलीस पडताळणी करून घेऊ, आणि एक बैठक ऑफिसमध्येच घेऊ म्हणजे फॉस्टर घरं, बालसंगोपनवाल्या बायका, सगळ्यांची गाठ पडेल. सातपूरचं अजून एक कुटुंब यायला तयार आहे, त्यांच्याकडे दोघे भाऊ आहेत, त्यांना पण गणितच नडतंय. मास्तर, तिघांना एकत्र बसवलं तर चालेल का, आमच्याच हॉलमध्ये? माझा मोठा म्हणतोय तो पण बसणार, त्याला अपूर्णांक येत नाहीत.

मास्तर, ओझर

चौघं झाली की वर्गच झाला ताई. मात्र आधी कक्षाचा होकार येऊ दे, मग सुरू करू. येताना मी आगपेटीच्या काड्यांचे दहा दहाचे गठ्ठे आणतो, रबरबँड तेवढे घरात बघून ठेवा.

रानजाई, दिंडोरी

दुसरा शनिवार पक्का. कॉलेजरोडकर दादा, सकाळी नऊला दिंडोरीच्या तहसीलसमोर या, माझ्याबरोबर तिघी असतील, दोघींचे उत्पन्नाचे दाखले राहिलेत आणि एकीच्या पोराचं आधार अपडेट करायचंय. बाळ कडेवर आहे एकीचं, त्यामुळे पुढची सीट तिला. झेरॉक्सला सुट्टे पैसे आणा, तिथला दुकानदार फोनपे घेत नाही.